“जाड ऑइल द्या” म्हणण्याआधी: कारचं इंजिन ऑइल निवडायचं कसं आणि बदलायचं कसं

मार्च सरला की आमच्या दुकानात एक वाक्य दिवसातून चार वेळा ऐकू येतं. “भाऊ, जाड ऑइल द्या, ऊन लागलं आता.” यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. पहिली बरीच वर्षं हे वाक्य ऐकलं की मी काही न विचारता २०डब्ल्यू-५०चा डबा काउंटरवर ठेवायचो. कोणाचं फारसं बिघडलंही नाही, कारण गाड्याच तशा होत्या. आता त्याच काउंटरवर ०डब्ल्यू-१६ या पातळ ऑइलवर चालणारी छोटी पेट्रोल गाडी येते, डीपीएफवाली (धुराचा फिल्टर असलेली) डिझेल येते, टर्बो पेट्रोल येते. गाडी बदलली, ऑइल बदललं, वाक्य तेच राहिलं.

एका काकांनी मागच्या वर्षी नवा डबा हातात घेऊन हलवून पाहिला आणि म्हणाले, “काऊन रे बावा, हे पाण्यावानी पातळ काय देऊन राह्यला? ऊन पाह्य ना भाइर!” त्यांना काउंटरवर उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही, ते इथे क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक आधी कंपनी विचारतात, मग भाव, मग जाडी. मॅन्युअल बघायची वेळ येते ती गाडी बंद पडल्यावर.

टप्पा १: दुकानात यायच्या आधी घरी

गाडीचं मॅन्युअल काढा. डॅशबोर्डाच्या खणात विम्याच्या कागदांखाली दडलेलं असतं. मागच्या बाजूला ‘इंजिन ऑइल’ असं पान असतं. त्या पानावरून चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या:

१. ग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३० वगैरे आकडा.
२. दर्जाची अक्षरं. एपीआय (अमेरिकी संस्था), एसीईए (युरोपीय संस्था) यांची अक्षरं किंवा गाडीच्या कंपनीचा स्वतःचा कोड.
३. फिल्टरसकट किती लिटर लागतं.
४. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी बदलायचं, आणि कठीण वापरासाठी वेगळा आकडा दिलाय का.

ग्रेड आणि दर्जा या दोन वेगळ्या ओळी आहेत. नव्वद टक्के चुका इथेच होतात, असं माझा अनुभव सांगतो: माणूस पहिली ओळ पाठ करून येतो आणि दुसरी घरी विसरतो.

जुनी गाडी घेतली आणि मॅन्युअल मिळालंच नाही, तर गाडीच्या कंपनीच्या वेबसाइटवर ते मोबाइलमध्ये उतरवून घेता येतं. मॉडेल, इंजिन आणि वर्ष तिन्ही जुळवा. नाव तेच ठेवून कंपन्या आतलं इंजिन बदलतात. २०१२ची आणि २०२२ची गाडी बाहेरून बहिणी वाटल्या तरी ऑइलच्या बाबतीत त्यांचं पटेलच असं नाही.

तपासा: ऑइल भरायच्या झाकणावर बऱ्याचदा ग्रेड कोरलेली असते. ती मॅन्युअलशी जुळते का? जुळत नसेल तर झाकण दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असू शकतं. मी असं दोनदा पाहिलंय.

टप्पा २: आकडा नीट वाचा

५डब्ल्यू-३० या आकड्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा, इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंड असताना किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा गरम असताना किती जाड राहतं ते.

आधीच्या आकड्याची चाचणी कडक थंडीत होते. १५डब्ल्यूला उणे २५ अंशापर्यंत पंपाने ओढलं जाण्याची परीक्षा द्यावी लागते, ५डब्ल्यूला उणे ३५, ०डब्ल्यूला उणे ४०. आपल्याकडे २०१८च्या डिसेंबरात नागपूरला पारा ३.५ अंशावर आला तेव्हा लोकांनी शेकोट्या पेटवल्या होत्या. म्हणजे १५डब्ल्यू आपल्या थंडीत गोठून बसेल ही भीती नाही. पण सकाळी सेल मारल्यावर ऑइल चेंबरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीतून, वर हेडपर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तो पातळ ऑइलला कमी लागतो. तेवढा वेळ इंजिन अर्धंमुर्धं कोरडंच फिरतं.

मागच्या आकड्याचा हिशोब १०० अंशाला होतो. १६ ग्रेडची जाडी तिथे ६.१ ते ८.२ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं माप) असते, ३०ची ९.३ ते १२.५, ४०ची १२.५ ते १६.३ आणि ५०ची १६.३ ते २१.९. म्हणजे १६ मागणाऱ्या इंजिनात ५० टाकलं, तर गरम असतानाही जवळपास दुप्पट किंवा त्याहून जाड ऑइल झालं.

आता उन्हाचा मुद्दा. चंद्रपूरला, अकोल्याला, ब्रह्मपुरीला मे महिन्यात ४६ अंश होतो, मान्य. पण गाडी नीट तापली की चेंबरमधलं ऑइल साधारण ९० ते ११० अंशाच्या घरात असतं, आणि पाण्याचा थर्मोस्टॅट, पंखा, रेडिएटर मिळून इंजिनाचं तापमान धरून ठेवतात. बाहेर २६ असो की ४६, ऑइलला दिसणारा फरक आपल्याला अंगावर जाणवतो त्याच्यापेक्षा फार कमी. चुलीवरच्या आधणाला अंगणात ऊन आहे की सावली, याचं किती वाटणार?

पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात बेअरिंगमधली फट, ऑइल पंप, व्हीव्हीटीची (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेची) बारीक भोकं, टायमिंग चेनचा ताणक हे सगळं त्याच हिशोबाने बनवलेलं असतं. त्यात जाड ऑइल टाकलं की दाब जास्त दिसतो आणि लोक खूश होतात. पण दाब वाढला म्हणून ऑइल जास्त वाहतं असं नाही. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरंचसं ऑइल तिथूनच परत फिरतं.

ही चूक मीही केली आहे, सांगायला लाज नाही. ०डब्ल्यू-१६ मागणारी गाडी आली, माझ्या फळीवर तो डबा नव्हता, गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून मी २०डब्ल्यू-५० दिलं. वर “विदर्भात हेच चालतं” असं ज्ञानही दिलं. गाडी बंद पडली नाही. डिसेंबरात मात्र रोज सकाळी सेल मारला की दोन-तीन सेकंद चेनचा खरखर आवाज, आणि मायलेज पडलं. मालक गॅरेजवाल्याशी भांडत राहिला, दोष माझ्या डब्यात होता. स्वतःच्या खर्चाने बदलून दिलं, आवाज गेला.

सावधान: काही मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो, आणि ४० अंशाच्या वर एक पायरी जाड ग्रेड चालेल असं त्यात छापलेलं असतं. छापलं असेल तर खुशाल वापरा. मळ्यातून संत्र्याचे क्रेट भरून रोज ओझं ओढणाऱ्याने तर तो तक्ता जरूर बघावा. तक्ता नसेल, तर स्वतःच्या मनाने पायरी चढू नका (झिजलेल्या इंजिनाचा अपवाद टप्पा ६मध्ये). दोन पायऱ्या तर कधीच नाही.

टप्पा ३: आकड्याखालची अक्षरं वाचा

खरा घोळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

डब्यावर गोल शिक्का असतो. मधे ग्रेड, वरच्या कमानीत एपीआयची अक्षरं. एस ने सुरू होणारी पेट्रोलची, सी ने सुरू होणारी डिझेलची. एसपी म्हणजे पोलीस अधीक्षक नव्हे, पेट्रोल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा. पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा: एसएल २००१चा, एसएन २०१०चा, एसपी २०२०चा, आणि ३१ मार्च २०२५पासून एसक्यू. डिझेलमध्ये सीएच-४, सीआय-४ जुने, सीके-४ डिसेंबर २०१६चा.

साध्या पेट्रोल गाडीसाठी नियम सोपा आहे. मॅन्युअलमध्ये एसएम किंवा एसएन लिहिलं असेल तर त्याच ग्रेडचं एसपी बिनधास्त चालतं. उलटं चालत नाही: एसपी लिहिलं असताना स्वस्त मिळालं म्हणून एसएलचा डबा उचलू नका. फळीवर असे जुने डबे अजून असतात, माझ्याही आहेत. ते जुन्या गाड्यांसाठी आहेत.

*टर्बो पेट्रोल असेल तर*

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या टर्बो इंजिनांना एक खोड आहे. कमी आरपीएमवर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. घाटात चौथ्या गिअरमध्ये गाडी रेटणारे हे करतातच. त्या फटक्याने पिस्टनला चीर जाऊ शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा यात हात असतो असं दिसून आलं, म्हणून नव्या ऑइलमध्ये त्याचं प्रमाण कमी करून मॅग्नेशियम आणलं गेलं. आधी २०१८मध्ये एसएन प्लस आलं, मग एसपीच्या परीक्षेतच ही चाचणी घातली गेली. तेव्हा अशा गाडीत नुसतं एसएन नको. ग्रेड जुळली तरी नको.

*डिझेल, बीएस-६ असेल तर*

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं मानक लागू झालं. त्यानंतरच्या डिझेल कारमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ बसलेला असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. काजळी साठली की गाडी स्वतःच तो तापवून ती जाळून टाकते. पण ऑइलमधले धातूचे अंश जळाले की त्यांची राख होते, आणि राख पुन्हा जळत नाही. ती फिल्टरमध्ये बसून राहते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. एसीईए सी२, सी३ अशा दर्जांत राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. जुन्या ए३/बी४ दर्जात ती १.६ टक्क्यांपर्यंत चालते. दुप्पट.

जुन्या डिझेल ऑइलमध्ये एवढी राख का असायची? डिझेलमध्ये गंधक होतं, त्याचं आम्ल मारायला ऑइलमध्ये क्षार भरपूर लागायचे. बीएस-६च्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखात दहा भाग, म्हणजे नावापुरतं. गरज संपली, सवय उरली.

आमच्या ओळखीतल्या एकाची बीएस-६ डिझेल गाडी. वॉरंटी संपल्यावर गॅरेजमध्ये ट्रॅक्टरसाठी आणलेल्या पिंपातलं १५डब्ल्यू-४० सीआय-४ तीन वेळा भरलं गेलं. शिवाय गाडी रोज घर ते शाळा चार किलोमीटर. डीपीएफचा दिवा आधी महिन्यातून एकदा लागायचा, मग आठवड्यातून, मग गाडीने वेगच घेणं सोडलं. फिल्टरचा खर्च ऐकून त्यांनी माझ्याच काउंटरवर डोक्याला हात लावला. किती दोष ऑइलचा आणि किती छोट्या फेऱ्यांचा, ते वेगळं काढून सांगता येणार नाही. दोन्ही एकाच दिशेने ओढत होते.

*एकाच आकड्याची दोन ऑइलं*

हे नीट लक्षात ठेवा. ५डब्ल्यू-३० सी३ आणि ५डब्ल्यू-३० सी२ यांचा आकडा एकच, पण जास्त उष्णतेत आणि जास्त घर्षणात टिकायची जाडी वेगळी. सी३ला ती किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद लागते, सी२ला किमान २.९ चालते. नुसतं “५डब्ल्यू-३० द्या” म्हणणाऱ्याला दुकानदार जे जवळ असेल ते देतो. म्हणून टप्पा १मधला कागद सोबत आणायचा.

एपीआयप्रमाणे ‘नवं अक्षर जुन्याला चालतं’ हा नियम सी२, सी३ला लावू नका. मॅन्युअलमध्ये सी३ लिहिलं तर सी३च.

तपासा: डब्यावर ‘अमुक दर्जा पूर्ण करते’, ‘अमुक गाड्यांसाठी योग्य’ आणि ‘अमुक कंपनीची मंजुरी’ ही तीन वेगळी वाक्यं आहेत. गाडीच्या कंपनीचा कोड मागितला असेल तर तिसरं वाक्य शोधा.

टप्पा ४: घरातलं दुसरं ऑइल कारमध्ये नको

शेतकऱ्याच्या घरी सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ऑइलची बादली असतेच. “ऑइल ते ऑइल” म्हणून कारमध्ये ओतलं जातं. ट्रॅक्टरच्या इंजिनाचं ऑइल नव्या कारला का चालत नाही ते वर आलंच. त्याहून वाईट म्हणजे गिअर-हायड्रॉलिक-ब्रेकचं ऑइल. त्याची बादली दिसायला सारखीच असते. ते इंजिनासाठी बनलेलंच नाही, कुठल्याही कारच्या.

उलटी चूकही होते. कारमधून उरलेलं ०डब्ल्यू-२० मोटारसायकलमध्ये जातं. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधले घर्षण कमी करणारे पदार्थ क्लचच्या प्लेटा घसरवतात. मोटारसायकलच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं.

टप्पा ५: किती किलोमीटरला?

बऱ्याच गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. पण मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ असं वेगळं सदर असतं आणि त्यात धूळ, छोट्या फेऱ्या, जास्त ओझं, तासन्‌तास चालू ठेवून उभी गाडी हे सगळं येतं. पांदण रस्त्याने वावरात जाणारी, जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्यांमागे उभी राहणारी, गावातून तालुक्याला सहा किलोमीटर जाऊन परत येणारी गाडी यात बसत नाही तर कुठली बसते? अशा वापराला अनेक मॅन्युअल जवळपास निम्मं अंतर सांगतात.

वर्षाची अट लोक सरळ विसरतात. “गाडी फक्त तीन हजार चालली” हे कारण नाही. छोट्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, आत पाण्याची वाफ धरते, थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि ते उडून जायला वेळच मिळत नाही. थंडीच्या दिवसांत भरायच्या झाकणाखाली दह्यासारखा पिवळट थर दिसतो तो याचाच. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा.

त्या थराने लगेच घाबरू नका, पण डिपस्टिकवरचं (पातळी मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलच दुधाळ झालं असेल तर गोष्ट वेगळी. पाणी आत शिरलंय. नाल्याच्या पुरात गाडी अडकली असेल तर सेल अजिबात मारू नका. ओढून गॅरेजला न्या.

एअर फिल्टर मात्र स्वतः बघा. काळ्या मातीची धूळ आत गेली तर ऑइल कितीही भारी असो, रिंगा घासल्या जाणारच.

टप्पा ६: जुन्या गाडीचं काय?

दोन लाख किलोमीटर झालेल्या जुन्या डिझेल गाड्या आपल्याकडे शेकड्याने धावतात. त्यांना नव्या पातळ ऑइलच्या मागे न्यायची गरज नाही. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० सीएच-४ असेल तर १५डब्ल्यू-४० सीआय-४ किंवा सीके-४ टाका आणि सुखाने झोपा. ‘फुल सिंथेटिक टाकलं की इंजिन नवं होतं’ असं कोणी सांगत असेल तर ऐकून घ्या आणि निघा.

गाडी ऑइल खात असेल तर आधी मोजा. वरच्या खुणेपर्यंत भरा, १,००० किलोमीटर चालवा, पुन्हा तिथवर यायला किती लागलं ते बघा. गळतीचे डाग जमिनीवर दिसतात का तेही. पाव लिटर लागत असेल तर मी काही करणार नाही. अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं तर एक पायरी जाड ऑइल टाकून बघा. जाड ऑइलचा खरा उपयोग असेल तर तो अशा झिजलेल्या इंजिनाला, नव्याला नाही. लिटरभर लागत असेल तर ऑइल बदलत बसू नका, मिस्त्रीला दाखवा.

टप्पा ७: डबा विकत घेताना

नकली ऑइलचा धंदा आमच्या पेशाचं दुखणं आहे. सुटं ऑइल कारसाठी घेऊच नका, त्यात काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. झाकणाची पट्टी न तुटलेली, तोंडावरचं सील सरळ, छापील बॅच नंबर आणि तारीख वाचता येणारी, कोड असेल तर मोबाइलने तपासलेला. आणि पक्कं बिल. वॉरंटीतल्या गाडीचं काही बिघडलं तर त्या बिलावरची ग्रेड आणि दर्जाच तुमच्या बाजूने बोलतात.

रिकामा डबा तसाच गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. स्क्रूड्रायव्हरने बुडाला भोक पाडा. चांगल्या कंपनीचे रिकामे डबे कशासाठी गोळा होतात, हे मी वेगळं सांगायला नको.

टप्पा ८: ऑइल बदलणं, क्रमाने

गॅरेजमध्ये बदलत असाल तर हे वाचून शेजारी उभे राहा. स्वतः करणार असाल तर लागेल ते आधी काढून ठेवा: योग्य मापाचा पाना, नवा फिल्टर, चेंबरच्या नटाचं नवं वायसर, घमेलं, नरसाळं, चिंध्या.

१. गाडी पाच मिनिटं चालू ठेवा आणि बंद करा. कोमट ऑइल पूर्ण उतरतं. लांबून आल्याबरोबर नट खोलू नका, हात भाजतो.

२. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकाला गट्टू लावून. उचलायची असेल तर पक्क्या स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

३. वरचं भरायचं झाकण आधी उघडा, मग खालचा नट. घमेलं थोडं पुढे ठेवा, पहिली धार पुढे उडते. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या.

४. फिल्टर काढा आणि जिथे तो बसतो तिथे बोट फिरवून बघा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग पुष्कळदा इंजिनालाच चिकटून राहते. ती दिसत नाही, काळ्यावर काळी. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा होतात, आणि गाडी सुरू केल्यावर किंवा पहिल्याच लांब फेरीत सगळं ऑइल तिथून बाहेर पडू शकतं.

५. नव्या फिल्टरच्या रिंगेला नव्या ऑइलचं बोट लावा, हाताने बसवा. रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा. पान्याने आवळू नका.

६. नटाला नवं वायसर घालून आधी हाताने फिरवा. आटे नीट लागले की मगच पाना. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जोर केला की जातात, आणि मग चेंबरच बदलावा लागतो.

७. मॅन्युअलमधल्या मापाच्या पाऊण भागाइतकं ऑइल ओता, थोडं थांबा, मग डिपस्टिक बघत उरलेलं. इथे सगळ्यांचा एकच मोह असतो, डबा संपवायचा. बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांना फिल्टरसकट तीन-साडेतीन लिटर लागतं आणि डबा चार लिटरचा असतो. उरलेलं झाकण लावून डिक्कीत ठेवा. जास्त भरलं तर क्रँक त्याला घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही.

८. एक मिनिट चालू करा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद. खाली वाकून नट आणि फिल्टर बघा.

९. बंद करून पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसा, पुन्हा घालून काढा. पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली.

निघालेलं काळं ऑइल नालीत, उकिरड्यावर किंवा विहिरीच्या आसपास टाकू नका. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. बंद डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला मागणारे येतात, ते ऑइल शेवटी मातीतच उतरतं.

सावधान: डिझेलचं नवं ऑइल शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये काळं झालं म्हणून गॅरेजवाल्याशी भांडू नका. काजळी धरून ठेवणं हे त्याचं काम आहे. रंगावरून ऑइलची परीक्षा करायची पद्धत आता सोडून द्या.

टप्पा ९: नंतरचे पहिले हजार किलोमीटर

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, खाली जमिनीवर डाग आहे का बघा आणि डिपस्टिक काढा. मग दर पंधरा दिवसांनी. समृद्धी महामार्गावर चढण्याआधी तर नक्कीच. तासाला १२० किलोमीटर वेगाने तास-दोन तास सलग पळताना कमी असलेलं ऑइल जे दाखवतं, ते गावातल्या फेऱ्यांत वर्षभर दिसत नाही.

पातळी खाली गेली तर तेच ऑइल भरा. वाटेत तेच मिळालं नाही तर त्याच जातीचं, जवळच्या ग्रेडचं थोडं घालून घरी या. दोन कंपन्यांची ऑइलं एकमेकांत मिसळली म्हणून इंजिन फाटत नाही. कोरडं चालवण्यापेक्षा ते हजार पट बरं.

डीपीएफवाल्या डिझेलमध्ये उलटंही होतं: पातळी वर चढते. फिल्टर तापवण्यासाठी जास्तीचं डिझेल मारलं जातं, फेरी मधेच संपली की त्यातलं काही चेंबरमध्ये उतरतं. “ऑइल वाढलं, बरंच झालं” असं म्हणणारे मला भेटलेत. वरच्या खुणेच्या पुढे गेलेली पातळी दिसली तर गाडी तशीच चालवू नका, ऑइल बदलून घ्या.

शेवटी एक चिठ्ठी लिहा: तारीख, किलोमीटर, ग्रेड, दर्जाची अक्षरं, किती लिटर घातलं, पुढची पाळी कधी. ती डॅशबोर्डात ठेवू नका, तिथे ती मिस्त्रीला कधी दिसत नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीखाली बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, ऑइलच्या झाकणाच्या वर. दसऱ्याला गाडी धुताना बॉनेटच्या आत पाण्याचा पाइप मारायचा नाही, एवढं मुलांना सांगून ठेवा.